आजोबांचं घर कुठल्या कॉलममध्ये? (वाचकांचे प्रश्न)

या वेळी बरेच प्रश्न बडोद्याहून आलेत आणि सगळे जुन्या घरांबद्दल, शाळांचे प्रोजेक्ट सुरू झालेले दिसतायत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय, आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : नमस्कार ताई, मी बडोद्यात आठवीला समाजशास्त्र शिकवते. यंदा शाळेने 'आपल्या भागातली घरं, १९०० ते १९४०' असा विषय दिलाय. मागच्या बॅचने नेटवरून फोटो काढून चार्ट केले होते, मराठा शैली, गुजराती शैली, इंग्रजी शैली असे तीन कॉलम, फोटो चिकटवले आणि झालं. यंदा एका मुलाने विचारलं, बाई आमच्या आजोबांचं घर कुठल्या कॉलममध्ये टाकू? त्याला रस्त्याच्या बाजूने ओटला आहे, आत चौक आहे, वर मंगलोरी कौलं आणि गॅलरीला बिडाचं नक्षीचं रेलिंग. मला काही सांगता आलं नाही. कसं शिकवू?
— एक शिक्षिका, दांडिया बाजार

उत्तर : बाई, त्या मुलाला आधी शाबासकी द्या, कारण त्याने तुमचा चार्टच मोडीत काढलाय. बडोद्यातलं त्या काळातलं जवळजवळ कुठलंही घर घ्या, ते तिन्ही कॉलममध्ये थोडं थोडं बसणार. कारण अगदी साधं आहे हो, मालक मराठी, म्हणजे गायकवाडांच्या चाकरीत आलेला कोणी कारकून नाहीतर सरदार, सुतार इथला गुजराती, लाकूड संस्थानच्याच नवसारी प्रांतातल्या सोनगढ-व्याऱ्याच्या जंगलातलं साग, आणि रेलवे १८६१ मध्येच आलेली त्यामुळे कौलं, गर्डर, रंगीत काचा असं बाहेरचं सामान गाडीतून उतरायचं. मालकाला चौक हवा होता, देवघर हवं होतं, माजघर हवं होतं, ते त्याने सांगितलं, पण खांबावर काय कोरायचं ते सुताराने त्याच्या हाताला सवय होती तसं कोरलं. आता याला शैलीचं एक नाव कसं देणार?

म्हणून मी म्हणते कॉलमच काढून टाका. त्याऐवजी पोरांना चार प्रश्न द्या आणि प्रत्येक गटाला एकच घर द्या, दहा घरांचे फोटो नकोत. हे घर कशाचं बांधलंय? पाणी कुठून यायचं? हवा-उजेड कुठून येतो? आणि परका माणूस या घरात कुठपर्यंत येऊ शकायचा? एवढ्या चार प्रश्नांवर तुमचे आठवडे जातील.

पहिला प्रश्न सगळ्यात सोपा, कारण हात लावून बघता येतं. पोळीतलं (पोळ म्हणजे जुन्या शहरातली एका गल्लीभोवतीची दाट वस्ती) किंवा रावपुऱ्यातलं जुनं घर म्हणजे मुळात लाकडाचा सांगाडा असतो, खांब आणि तुळया, आणि मधल्या जागेत विटा. खांब थेट जमिनीत गाडलेला नसतो, खाली दगडी तळखडा असतो, का? तर ओल आणि वाळवी वर चढू नये म्हणून. हे पोरांना सांगू नका, विचारा. वर बघायला सांगा, कडीपाट दिसेल, म्हणजे जवळजवळ टाकलेल्या कड्या आणि त्यावर फळ्या. आणि खण मोजायला लावा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फूट, त्यापेक्षा लांब कडी टाकायची तर लाकूड जाड लागतं आणि महाग पडतं. म्हणजे घर किती मोठं हे जुनी माणसं खणात सांगायची ते उगाच नाही, लाकडाच्या लांबीवरून खोलीची रुंदी ठरायची. गणिताच्या सरांना सोबत घ्या, एक खण टेपने मोजायचा आणि बाकी घर नुसतं खांब मोजून काढायचं, मग टेपने तपासायचं. पोरांना हे जाम आवडतं.

आता लाकूड कुठे संपतं आणि लोखंड कुठे सुरू होतं ते शोधायला लावा, कारण विसाव्या शतकाची सुरुवात बघायची तर ती इथे सापडते. मागच्या बाजूला संडास-बाथरूम नंतर जोडलेलं असेल तर तिथे लोखंडी गर्डर आणि मध्ये विटांच्या छोट्या छोट्या कमानी दिसतील. गर्डरवर बऱ्याचदा कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं, मोबाइलचा टॉर्च मारून वाचायला सांगा. विलायती कंपनीचं नाव असेल तर एक गोष्ट, टाटांचं असेल तर तो भाग १९१२ नंतरचाच, कारण टाटांचा कारखाना १९०७ मध्ये स्थापन झाला आणि पोलाद निघायला लागलं १९१२ मध्ये. पण फक्त तो भाग हं, सगळं घर नाही! पायऱ्यांखाली, माडीवर, मोरीपाशी वेगवेगळ्या काळाचे तुकडे असतात.

आणि कौलांची गंमत सांगते. मंगलोरी कौलावर कारखान्याचं नाव छापलेलं असतं आणि बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेच्या कौलांवर बऱ्याचदा १८६५ असाही आकडा असतो. झालं, लोक लगेच म्हणतात आमचं घर १८६५ चं. अहो, ते मंगळूरच्या त्या कारखान्याचं स्थापनेचं साल आहे, पुढे कितीतरी वर्षं तेच छापत होते. त्याआधी इकडे अर्धगोल देशी नळिये होते, कुंभाराने चाकावर केलेले, दर पावसाळ्याआधी शाकारणी करायला लागायची, माकडं उड्या मारून फोडायची. मंगलोरी कौल एकमेकांत अडकून बसतं, हलकं पडतं, शाकारणीचा व्याप कमी, म्हणून लोकांनी जुन्या घरावर नवीन छप्पर घातलं. म्हणजे खाली एकोणिसावं शतक आणि डोक्यावर विसावं. फरशीचंही तसंच, रंगीत नक्षीची सिमेंट फरशी दिसली तर ती आधी परदेशी यायची, मुंबईत स्वदेशी फरशी बनायला लागली १९२२ पासून. आणि घर पूर्ण सिमेंटच्या स्लॅबचं, गोलाकार बाल्कन्या, खिडकीवरून लांब सलग छज्जा असं काही दिसलं तर ते बहुतेक १९३० नंतरचं, आणि ते तुम्हाला जुन्या शहराच्या चार दरवाज्यांच्या आत कमी आणि बाहेरच्या अलकापुरी, प्रतापगंजकडे जास्त दिसेल.

इथे जरा नकाशा लागेल. फळ्यावर काढा, मध्ये मांडवी, चार बाजूंना लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट असे चार दरवाजे, त्यांच्यात पोळी. मग त्यांच्या बाहेर रावपुरा, दांडिया बाजार, इकडे वाडे जास्त. मग विश्वामित्री नदीपलीकडे स्टेशनच्या दिशेने सयाजीगंज आणि आणखी पुढे अलकापुरी, तिथे कंपाउंड, मध्ये बंगला, पुढे पोर्च. पोरांना विचारा, पोळीत भिंतीला भिंत लागून घरं आणि अलकापुरीत घराभोवती चारी बाजूंनी मोकळी जागा, असं का? जागा स्वस्त होती हे एक उत्तर. पण प्लेगच्या साथींनंतर दाट वस्तीची लोकांना भीती बसली, घोडागाडी आली, मोटार आली, साहेबाचं बघून मोकळ्या बंगल्यात राहणं प्रतिष्ठेचं झालं, ही पण उत्तरं आहेत आणि पोरांनी ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आणावीत.

पाण्याचा प्रश्न लोक विसरतात, त्यातून घर फार बदललंय. १८९० च्या दशकात आजव्याच्या तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. त्याआधी वाड्यात विहीर, काही घरांत जमिनीखाली पावसाच्या पाण्याचं टाकं, आणि स्वयंपाकघर, न्हाणी हे सगळं पाण्याच्या जवळ, म्हणजे बहुतेक खालच्या मजल्यावर. नळ आला तशी न्हाणी वर माडीवर जायला लागली, विहिरीवर फळ्या पडल्या, पुढे कोणी स्लॅब टाकून त्यावर स्कूटर लावली. विहीर कुठे होती हे नुसतं विचारलंत तरी अर्ध्या घराचा जुना प्लॅन उलगडतो.

हवेचं मी थोडक्यात सांगते. पुस्तकात असतं की चौकामुळे घर थंड राहतं, बरोबर आहे, पण नुसतं वाक्य पाठ करू नका. दुपारी थर्मामीटर घेऊन चौकात, ओसरीत आणि गच्चीवर ठेवा, पोरंच सांगतील. आणि कोकणातल्या घराशी तुलना करा, रत्नागिरीला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि बडोद्यात साधारण नऊशे, म्हणून तिकडे छपराला उतार जास्त, पडव्या खोल आणि भिंतीला चिरा, इकडे उघडा चौक परवडतो.

चौथा प्रश्न, परका माणूस कुठपर्यंत, याला मी सगळ्यात जास्त मार्क ठेवीन. ओटल्यावर कोणीही बसेल, भाजीवालीसुद्धा. ओसरीत ओळखीचा. दिवाणखान्यात कामाला आलेला सभ्य पुरुष. माजघरात नातेवाईक बायका. देवघरात आणि स्वयंपाकघरात फक्त घरचे, ते पण सोवळ्यातले. पोरांना प्लॅन काढून त्यात रंग भरायला सांगा, जितकं आत तितका गडद रंग. मग त्यांच्या फ्लॅटचा प्लॅन काढून तेच करायला सांगा. फ्लॅटमध्ये दार उघडलं की थेट सोफा, कुठलाही कुरियरवाला किचनपर्यंत बघू शकतो! यावर वर्गात जी चर्चा होते ना, ती कुठल्या चार्टने होणार नाही.

एक दिवस सगळ्यांना रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात घेऊन जा. तो एकोणिसाव्या शतकातला आहे म्हणजे तुमच्या विषयाच्या आधीचा, बडोद्याच्या दिवाणांचं घर, आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. भिंतींवरच्या चित्रांसाठी लोक जातात आणि चित्रं बघून परत येतात. तुम्ही पोरांना खांब, जिने, चौक बघायला लावा, म्हणजे 'आधी काय होतं' हे डोळ्यात बसेल आणि नंतर आजोबांच्या घरात काय बदललं ते पटकन कळेल. राजवाडा मात्र या विषयात नको. लक्ष्मी विलास १८९० मध्ये पूर्ण झाला, सुंदर आहे, सहल म्हणून न्या, पण पोळीतली घरं समजायला त्याचा काही उपयोग नाही, उलट पोरं परत येऊन घुमटच काढत बसतात.

आणि हो, शिक्षकांनी वाचून ठेवावं असं एक, पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार होते, त्यांनी १९१६ मध्ये बडोदा शहराच्या वाढीवर दरबारला रिपोर्ट दिला. त्यांची पद्धत अशी की आधी गल्लीबोळ पायी फिरायचे, काय चाललंय ते बघायचं आणि मग नकाशावर पेन्सिल टेकवायची. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ रुंद रस्ता काढण्याच्या ते विरुद्ध होते, मोडकी एक-दोन घरं काढून तिथे चौक मोकळा करा, झाड लावा, बाकी वस्ती राहू द्या असं त्यांचं म्हणणं. तुमच्या आठवीच्या पोरांनीही आधी पायीच फिरावं, नेट नंतर.

प्रश्न : आमच्या गटाने पोळीतल्या एका घराचा प्लॅन काढला. मागच्या भिंतीला जमिनीलगत एक छोटं दार आहे, बाहेर अरुंद बोळ. एका मुलीने घरच्या आजींना विचारलं तर आजी गप्प बसल्या. मला कारण माहीत आहे पण वर्गात कसं सांगावं कळत नाही.
— शिक्षक, वाडी

उत्तर : सर, सरळ सांगा. तो टोपलीचा संडास होता. खाली टोपली किंवा डबा, आणि मागच्या बोळातून सफाई करणारी माणसं येऊन ते उचलून न्यायची, त्यांनी पुढच्या दाराने यायचं नाही म्हणून हा वेगळा बोळ, वेगळं दार. म्हणजे घराच्या प्लॅनमध्येच जात बांधलेली होती. पुढचं कोरीव दार जितकं खरं तितकंच हे मागचं. या प्रथेवर १९९३ मध्ये कायदा आला, परत २०१३ मध्ये जास्त कडक कायदा करावा लागला, हे सुद्धा सांगा, म्हणजे पोरांना वाटायला नको की हे पुराणातलं आहे.

आणि बडोद्यात शिकवताय तर १९१७ सोडून पुढे जाऊच नका. बाबासाहेब आंबेडकर सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आले, बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, आणि या शहरात त्यांना भाड्याने घर मिळालं नाही. महाराजांनी नोकरी दिली पण घर द्यायला कोणी तयार होईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, तिथेही कळलं तेव्हा लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं, मग कमाटीबागेत झाडाखाली बसून राहावं लागलं. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून बागेत आहे, शाळेपासून चालत जाता येईल. ओटले, चौक, कडीपाट सगळं शिकवून झाल्यावर पोरांना विचारा की ही इतकी घरं तुम्ही मोजलीत, यातलं कुठलं दार त्यांच्यासाठी उघडलं असतं?

आजींना मात्र पुन्हा विचारू नका. त्या गप्प बसल्या, तेवढं पुरे.

प्रश्न : एका घरावर संवत १९६८ आणि शेजारच्या घरावर शके १८३४ लिहिलंय. कुठलं जुनं?
— विद्यार्थी, आठवी

उत्तर : जवळजवळ एकाच वर्षीची आहेत बाळा! विक्रम संवतातून ५६ किंवा ५७ वजा करायचे, शकात ७८ मिळवायचे. गुजरातेत संवत दिवाळीनंतर बदलतो, म्हणून संवत १९६८ म्हणजे १९११ ची दिवाळी ते १९१२ ची दिवाळी. शके १८३४ गुढीपाडव्याला सुरू झालं, १९१२ च्या. आता यावरून घरमालकाचा थोडा अंदाजही येतो, शक लिहिणारा बहुधा मराठी आणि संवत लिहिणारा बहुधा गुजराती, पण बहुधा म्हणतेय, पैज लावू नकोस. आकडे गुजराती लिपीत असतील तर पाचाकडे नीट बघ, तो आपल्या 'प' सारखा दिसतो. आणि कुठल्याही घरावरचं साल म्हणजे पूर्ण घराचं साल असं नसतं, कधी कधी फक्त पुढची भिंत नवीन केली की लोक साल घालतात.

प्रश्न : मॉडेल थर्मोकोलचं करावं की लाकडाचं? स्पर्धा आहे.
— पालक, मांजलपूर

उत्तर : थर्मोकोल नको. ते दुकानातून आणून पालकच रात्री जागून करतात, सगळ्यांना माहीत आहे. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या आणि घर मधून कापलेलं दाखवा, अर्धंच करा, म्हणजे ओटल्यापासून परसापर्यंत आतलं दिसतं. खांबाला आइस्क्रीमच्या काड्या. एकच जोड खरा दाखवायचा, तुळईला भोक आणि त्यात खांबाची जीभ बसवलेली, खिळा न मारता, ओळखीच्या सुताराकडे बसून मुलाला तेवढं शिकू द्या. असे जोड थोडे हलतात पण सुटत नाहीत, २००१ च्या भूकंपात गुजरातेत जुनी लाकडी सांगाड्याची कितीतरी घरं तगली आणि नव्या स्लॅबच्या इमारती पडल्या, ते या जोडांमुळेही. हे मुलाला परीक्षकांसमोर सांगता आलं तर रंग नाही लावला तरी चालेल.

प्रश्न : रावपुऱ्यात आमचा वाडा आहे, आजोबांच्या वेळचा. शाळावाले म्हणतात मुलांना दाखवा, हेरिटेज आहे. हेरिटेज म्हणणाऱ्यांपैकी कोणी कौल बदलायला येत नाही. दोन भाडेकरू आहेत, भाडं इतकं आहे की त्यात एक खिडकी दुरुस्त होत नाही, आणि दर महिन्याला एक माणूस येतो खांब विकता का विचारायला. मी मुलांना का घरात घेऊ?
— एक त्रासलेला घरमालक

उत्तर : काका, तुमचा राग मला पटतो. भाडे नियंत्रणाच्या कायद्याने भाडं गोठलं, मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरू खर्च करत नाही कारण घर त्याचं नाही, आणि मधल्यामध्ये तुळई कुजते. हे सगळ्या जुन्या शहरांत झालंय. घ्यायचं की नाही हा तुमचा हक्क आहे आणि शाळेने नाही ऐकून घ्यायची सवय ठेवावी.

पण घेतलंत तर फुकट घेऊ नका. पैसे नाही म्हणत मी. शाळेला अट घाला की पोरांनी तुमच्या पूर्ण वाड्याचा मापं टाकून प्लॅन काढायचा, प्रत्येक खांब, प्रत्येक कडी नंबर देऊन फोटो, कुठे वाळवी, कुठे गळती, आणि त्याची एक स्वच्छ कॉपी तुम्हाला द्यायची. इंजिनियरला दाखवण्याआधी सुताराला दाखवायला हे फार उपयोगी पडतं, कारण बऱ्याचदा पूर्ण तुळई बदलायची गरज नसते, भिंतीत गेलेलं टोक कुजलेलं असतं, ते कापून नवीन लाकूड जोडता येतं. पहिला खर्च कौलांवर आणि पन्हाळीवर करा, नक्षीवर नाही. पाणी थांबलं तर लाकूड टिकतं. भिंतीला सिमेंटचं प्लास्टर कोणी सुचवलं तर नको म्हणा, आतली चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते, सिमेंटने ती आत कोंडते आणि लाकडात शिरते.

आणि तो खांबवाला. तो ज्या भावाने खांब मागतो त्याच्या कितीतरी पटीने तो पुढे हॉटेलवाल्याला नाहीतर फार्महाउसवाल्याला विकतो, हे तुम्हालाही माहीत असेल. विकायचाच असेल तर निदान आधी बघून घ्या की त्या खांबावर वर काय उभं आहे. पोरांनी काढलेला प्लॅन त्या दिवशी पण कामाला येईल.